ब्रिटिश रेल्वेचा ‘वर्ग ५६’ व त्याच्या लघुप्रतिकृती : वर्ग, व्यक्ति आणि नाम

१९७६ ते १९८४ या कालखंडात ब्रिटिश रेल्वेसाठी एकाच नावाखाली १३५ डीझेल इंजिने बांधण्यात आली. कागदोपत्री हा सारा समूह ‘वर्ग ५६’ या नावाने ओळखला जातो. त्यांतील पहिली ३० इंजिने रुमानियातील क्रायोवा येथे, पुढील ८५ इंग्लंडमधील डॉन्कास्टर येथे आणि अखेरची २० क्रू येथे तयार झाली. तिन्ही ठिकाणचे कारागीर निराळे, कामाची रीत निराळी आणि काही अंशी घडणीतील तपशीलही निराळे. अशा स्थितीत ह्या १३५ इंजिनांना ‘एक वर्ग’ कोणत्या अर्थाने म्हणावयाचे, हा प्रश्न रेल्वेच्या अधिकाऱ्यांना फारसा पडला नाही. त्यांना गाड्या चालवावयाच्या होत्या. तो पडला तो ह्या इंजिनांच्या वीतभर लांबीच्या प्रतिकृती करणाऱ्यांना, कारण साचा एकदा कोरला की मोघमपणाला जागा उरत नाही. वर्गाची प्रतिकृति करता येत नाही. प्रतिकृति नेहमी एका इंजिनाचीच होते, तीही त्याच्या आयुष्यातील एका विशिष्ट काळातली. भाषेच्या अभ्यासकाला ही अडचण परिचयाची आहे. बोलीचे व्याकरण लिहावयाचे असते, परंतु ध्वनिमुद्रण मात्र एका माणसाच्या एका दिवसाच्या बोलण्याचेच होते. ह्या साम्यामुळे प्रस्तुत विषय यंत्रशास्त्राचा असूनही नाम व वर्ग यांचा विचार करणाऱ्यांना उपयोगी पडण्यासारखा आहे.

प्रथम ‘५६’ ह्या अंकाचा विचार करू. १९५५ च्या आधुनिकीकरण-योजनेनंतर ब्रिटनमध्ये डीझेल इंजिने मोठ्या प्रमाणावर आली, तेव्हा त्यांची विभागणी अश्वशक्तीनुसार पाच प्रकारांत केली जात असे. हजार अश्वशक्तीपर्यंतचा तो पहिला प्रकार आणि तीन हजार व त्याहून अधिक शक्तीचा तो पाचवा. प्रत्येक इंजिनाच्या क्रमांकाआधी ‘डी’ हे अक्षर लिहीत. हे अक्षर डीझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनापासून वेगळे दाखवी. १९६८ साली वाफेची नियमित वाहतूक संपली आणि हे अक्षर निरर्थक झाले. ज्या विरोधामुळे त्याला अर्थ होता तो विरोधच नाहीसा झाला, म्हणून तेही गळले. पुढे अमेरिकेतील सदर्न पॅसिफिक रेल्वेकडून ‘टॉप्स’ नावाची संगणकपद्धति घेण्यात आली व १९७३ पासून सर्व इंजिनांना पाच अंकी क्रमांक मिळाले. पहिले दोन अंक वर्गाचे, उरलेले तीन त्या इंजिनाचे स्वतःचे. ५६०३१ म्हणजे छप्पन्नाव्या वर्गातील एकतिसावे. आडनाव आधी आणि नाव मागाहून, अशी ही रचना आहे.

ह्या वर्गांकांत सुरुवातीला काहीएक अर्थसंगति होती. यार्डात डबे ढकलणाऱ्या लहान इंजिनांना लहान अंक दिले गेले व शक्ति वाढेल तसा अंक स्थूलमानाने वाढत गेला. ३,३०० अश्वशक्तीचे प्रसिद्ध ‘डेल्टिक’ इंजिन वर्ग ५५ झाले. मात्र ३,२५० अश्वशक्तीचा वर्ग ५६ त्याच्या पुढे बसतो, आणि १९८९ नंतर आलेला ३,१०० अश्वशक्तीचा वर्ग ६० त्याच्याही पुढे. म्हणजे अंकातील शक्तिवाचक अर्थ झिजला आणि केवळ आगमनाचा क्रम उरला. शब्दांच्या बाबतीत ज्याला अर्थलोप म्हणतात त्याचाच हा नमुना होय. वर्ग ५६ हा ब्रिटनच्या मुख्य मार्गांवरील डीझेल इंजिनांपैकी जुने नाव कधीच न धारण केलेला, नव्या क्रमांकासह जन्मलेला पहिला वर्ग. म्हणून त्याच्या अंकाला मागचा इतिहास नाही.

भारतीय रेल्वेची पद्धति याच्या अगदी उलट आहे. ‘डब्ल्यू-डी-एम’ किंवा ‘डब्ल्यू-डी-जी’ ह्या अक्षरसमूहात प्रत्येक अक्षर अर्थवाही आहे. पहिले रुंदमापी मार्गाचे, दुसरे डीझेलचे, तिसरे मिश्र अथवा मालवाहतुकीचे. जाणत्याला ते समासाप्रमाणे सोडवता येते. त्यापुढील अंक मात्र प्रारंभी केवळ क्रमवाचक होता, आणि नंतर त्याला शक्तीचा अर्थ देण्यात आला. ‘डब्ल्यू-डी-एम-३-ए’ म्हणजे ३,१०० अश्वशक्तीचे. तात्पर्य, एके ठिकाणी अंकातून अर्थ ओसरला, तर दुसरीकडे तो अंकात भरला गेला.

आता ह्या इंजिनांच्या जन्मकथेकडे वळू. १९७३ च्या तेलसंकटानंतर ब्रिटनमध्ये असे गृहीत धरले गेले की, वीजनिर्मितीसाठी कोळशाची मागणी झपाट्याने वाढणार. हा कोळसा खाणींतून विद्युत्केंद्रांपर्यंत नेण्याची एक विशेष व्यवस्था १९६५ च्या सुमारास सुरू झालेली होती. तिला ‘मेरी-गो-राउंड’ म्हणत, म्हणजे जत्रेतले फिरते चक्र. गाडी खाणीच्या कोठाराखालून न थांबता सरकत जाई आणि वरून कोळसा वाघिणींत पडे. पुढे विद्युत्केंद्रातील वर्तुळाकार मार्गावर ती पुन्हा न थांबता सरके व वाघिणींच्या तळाची दारे आपोआप उघडून कोळसा खाली पडे. इंजिन सोडवणे, फिरवणे, पुन्हा जोडणे हा सगळा खटाटोप वाचे. प्रत्येक वाघिणीत सुमारे ३२ टन कोळसा मावत असल्याने छत्तीस वाघिणींची गाडी अकराशे टनांहून अधिक माल नेत असे. हा शब्द भारतातही आला असून सिंगरौली, कोरबा, रामगुंडम येथील औष्णिक विद्युत्केंद्रांच्या कोळसामार्गांना आजही ‘एम-जी-आर’ असेच म्हणतात. जत्रेची आठवण मात्र त्या आद्याक्षरांत कोणाला होत नसावी.

अशा गाड्यांसाठी शक्तिमान व त्याचबरोबर अत्यंत संथ चालू शकणारे इंजिन हवे होते. भरतीच्या वेळी गति ताशी अर्ध्या मैलाच्या आसपास ठेवावी लागे, आणि रिकाम्या मार्गावर ताशी ८० मैलांपर्यंत धावण्याचीही मुभा हवी. घाई मोठी होती. नवा आराखडा पायापासून रचण्यास सवड नव्हती, म्हणून बाह्य शरीर प्रचलित वर्ग ४७ वर बेतले गेले. त्याच वर्गातील ४७०४६ हे अपघातात सापडलेले इंजिन नव्या यंत्राच्या चाचणीसाठी वापरले व त्याला ४७६०१ हा क्रमांक दिला. रेल्वेच्या स्वतःच्या कारखान्यांना इतक्या लवकर काम उरकणे शक्य नव्हते. विद्युत्-सामग्रीचे काम असलेल्या लफबरोच्या ‘ब्रश’ कंपनीने पहिल्या तीस इंजिनांची बांधणी क्रायोवा येथील ‘एलेक्ट्रोपुतेरे’ कारखान्याकडे सोपविली. (‘पुतेरे’ म्हणजे रुमानियन भाषेत शक्ति, लॅटिनच्या ज्या धातुपासून फ्रेंच ‘पुव्वार’ आला त्याच कुळातला हा शब्द.) १९७६ मध्ये पहिली इंजिने समुद्रमार्गे ब्रिटनमध्ये उतरली.

त्यांच्या बांधणीविषयी लगेच तक्रारी सुरू झाल्या. अनेक इंजिनांची कामावर रुजू होण्यापूर्वी दुरुस्ती करावी लागली आणि प्रत्यक्ष वाहतुकीचा आरंभ १९७७ मध्ये झाला. ‘रुमानियन’ हे विशेषण ह्या वर्गाच्या संदर्भात तेव्हापासून जवळजवळ दोषवाचक बनले. तक्रारी खऱ्या होत्या यात शंका नाही, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष तपासून घेण्यासारखा आहे. क्रायोवाचा कारखाना नवशिका नव्हता. तो स्विस झुल्झर कंपनीच्या परवान्याखाली डीझेल इंजिने आणि स्वीडिश आसेआ कंपनीच्या परवान्याखाली विजेची इंजिने बांधत असे. त्याच्यापुढे आलेले आराखडे मात्र परक्या प्रमाणांचे, परक्या मोजमापांचे होते आणि मुदत थोडी होती. घाईत झालेल्या व्यवहाराचा दोष एका देशाच्या नावावर टाकणे सोपे असते, आणि तसे विशेषण एकदा रूढ झाले की त्यातील पहिल्या तीस इंजिनांपैकी कोणते चांगले चालले याची चौकशी कोणी करीत नाही. त्या तिसांपैकी ५६००६ हे आज जतन करून ठेवलेले आहे.

यंत्राविषयी थोडे सांगितले पाहिजे. मराठीत ‘इंजिन’ हा शब्द गाडी ओढणाऱ्या संपूर्ण वाहनाला लावतात व त्याच्या पोटातील यंत्रालाही. वाफेच्या काळात हा दुहेरी प्रयोग खटकत नसे, कारण दोन्ही एकच होते. डीझेलच्या बाबतीत वाहन वेगळे आणि यंत्र वेगळे. वर्ग ५६ च्या पोटात सोळा सिलिंडरांचे रस्टन-पॅक्समन यंत्र होते. ते चाके फिरवीत नसे, प्रत्यावर्ती वीज निर्माण करी. ती वीज एकदिश करून सहा अक्षांवरील विद्युत्-मोटारींना पुरविली जाई. ह्या यंत्राची परंपरा इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीच्या जुन्या यंत्रांकडे आणि लॅंकशरमधील न्यूटन-ल-विलोज येथील व्हल्कन कारखान्याकडे जाते. महाराष्ट्राला हे नाव परके नाही. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या पहिल्या गाडीची इंजिने व्हल्कनचीच होती.

येथेच आणखी एका शब्दाचा उलगडा करणे भाग आहे. वर्ग ५६ हे ‘सहा अक्षांचे, दोन बोगींचे’ इंजिन आहे असे म्हटले, तर मराठी वाचकाचा घोटाळा होईल. मराठीत बोगी म्हणजे प्रवासी डबा. इंग्रजीत मात्र ‘बोगी’ म्हणजे डब्याखाली किंवा इंजिनाखाली फिरता बसविलेला चाकांचा सांगाडा. ‘बोगी कॅरेज’ म्हणजे अशा सांगाड्यांवरचा डबा, या संज्ञेतला दुसरा शब्द गळला आणि विशेषणावर विशेष्याचा अर्थ येऊन बसला. तेव्हा ह्या लेखात ‘चाकसांगाडा’ असा शब्द वापरला आहे. वर्ग ५६ ला तीन-तीन अक्षांचे दोन चाकसांगाडे आहेत. त्यांतही अपवाद आहेच. ५६०४२ ला पुढील वर्ग ५८ साठी योजिलेल्या सांगाड्यांची चाचणी घेण्यासाठी वेगळे सांगाडे दिले होते. वर्गाची व्याख्या ‘अमुक सांगाडे असलेली इंजिने’ अशी केली, तर हे एक इंजिन वर्गाबाहेर पडते. तरीही रेल्वेच्या दप्तरी ते छप्पन्नच राहिले.

दप्तरी नावाच्या शेजारी रूढ नाव असतेच. ब्रिटनमधील रेल्वेप्रेमी ह्या इंजिनांना ‘ग्रिड’ म्हणतात. ‘ग्रिडआयर्न’ ह्या, निखाऱ्यावर मांस भाजण्याच्या जाळीच्या नावाचे हे लघुरूप. ५६०५६ पासूनच्या इंजिनांना तोंडावर भोंग्यासमोर एक आडव्या पट्ट्यांची जाळी बसविलेली होती, तिच्यावरून हे नाव पडले. गमतीची गोष्ट अशी की, पहिल्या पंचावन्न इंजिनांना ती जाळी नव्हती, तथापि नाव सर्वांना लागू झाले. भागावरून पूर्णाला आणि बहुसंख्यांवरून सर्वांना, अशी ही दुहेरी लक्षणा आहे. कडक तर्काच्या दृष्टीने ५६००१ ला ‘ग्रिड’ म्हणणे चूक. परंतु त्याला तसे न म्हणणारा रेल्वेप्रेमी शोधून सापडणे कठीण.

इतर वर्गांची टोपणनावे पाहिली असता त्यांचे स्थूलमानाने दोन गट पडतात. काही नावे कानाने ठेवलेली आहेत. वर्ग ४० हा ‘व्हिसलर’, कारण त्याच्या यंत्रातून शिट्टीसारखा आवाज येई. वर्ग ५० ‘हूव्हर’, कारण त्याचे पंखे धूळ ओढणाऱ्या यंत्रासारखे घोंगावत. वर्ग २० ‘चॉपर’, म्हणजे हेलिकॉप्टर. काही डोळ्यांनी ठेवलेली आहेत. वर्ग ५८ चे दोन्ही टोकांना रुंद व मध्ये अरुंद शरीर म्हणून तो ‘बोन’, म्हणजे हाड. वर्ग ६६ चे अंग पत्र्याच्या गोदामासारखे म्हणून तो ‘शेड’. ‘ग्रिड’ ह्या दुसऱ्या गटात बसतो. आपल्याकडेही असेच घडले आहे. मुंबईहून पुण्याच्या व नाशिकच्या घाटांत १९२८ पासून चाललेल्या विजेच्या मालवाहू इंजिनांचे सांधेजोड अंग युरोपात ‘मगर’ ठरले, पण येथल्या रेल्वे कामगारांनी त्याला ‘खेकडा’ म्हटले. तीही इंजिने बऱ्याच अंशी व्हल्कननेच बांधली होती. एकाच वस्तूत एका समाजाला मगर दिसते व दुसऱ्याला खेकडा. उपमान निवडणारा समाज कोठे राहतो हे त्यावरून कळते.

टोपणनाव संपूर्ण वर्गाचे, तर धातूच्या पट्टीवर कोरलेले विशेषनाम एकेका इंजिनाचे. वर्ग ५६ मध्ये ही विशेषनामे एका उद्योगाचा नकाशाच आहेत. ५६०३० चे नाव ‘एगबरो पॉवर स्टेशन’, ५६१२३ चे ‘ड्रॅक्स पॉवर स्टेशन’, ५६०७४ चे ‘केलिंग्ली कॉलियरी’. ५६०३७ ला वाफेच्या पहिल्या रेल्वे-इंजिनाचा कर्ता रिचर्ड ट्रेव्हिथिक याचे नाव दिले. वेल्समध्ये काम करणाऱ्या ५६०३४ वर दोन भाषांतील नाव होते. वेल्शमध्ये ‘कास्तेल ओगुर’ आणि इंग्रजीत ‘ऑग्मोर कासल’. ज्या भाषेला न्यायालयात व शाळेत जागा मिळविण्यासाठी दीर्घ काळ झगडावे लागले, ती अशा रीतीने कोळशाच्या इंजिनावर इंग्रजीच्या बरोबरीने आली. आज ह्या नामांपैकी अनेकांचे नामी उरलेले नाहीत. केलिंग्ली ही ब्रिटनमधील अखेरची खोल कोळसाखाण डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली, एगबरो २०१८ मध्ये. ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ केंद्र थांबले व त्या देशात कोळशावर वीज करणे संपले.

प्रतिकृतींचा विचार करताना पहिली गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे ती मापाची. ब्रिटनमध्ये सर्वांत प्रचलित असलेल्या ‘०० मापात’ एका फुटाला चार मिलिमीटर धरतात, म्हणजे प्रमाण १ : ७६.२. वर्ग ५६ ची लांबी ६३ फूट ६ इंच आहे; प्रतिकृतीची २५४ मिलिमीटर, म्हणजे बरोबर दहा इंच, भरते. येथपर्यंत सर्व ठीक. परंतु रुळांमधील अंतर खरे ४ फूट साडेआठ इंच असल्याने चार मिलिमीटरच्या प्रमाणाने ते १८.८३ मिलिमीटर हवे, आणि ०० मापाचे रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचे आहेत. हे रूळ वस्तुतः १ : ८७ ह्या युरोपीय प्रमाणाचे. ब्रिटिश इंजिने युरोपीय इंजिनांपेक्षा अरुंद व ठेंगणी, म्हणून १९२० च्या दशकातील मोटार १ : ८७ च्या ब्रिटिश शरीरात मावेना. तेव्हा शरीर मोठे केले आणि रूळ तसेच ठेवले. १९३८ मध्ये ‘हॉर्न्बी डब्लो’ने हीच तडजोड पत्करली व ती कायम झाली. परिणाम असा की, दुकानातला वर्ग ५६ जणू ४ फूट दीड इंच रुंदीच्या मार्गावर धावतो. समोरून पाहिले असता चाके आत सरकलेली दिसतात. ज्यांना हे सहन होत नाही, ते १८.२ किंवा १८.८३ मिलिमीटरचे रूळ स्वतः घालतात व विकत घेतलेल्या इंजिनाची चाके बदलतात. बाकीचे डोळेझाक करतात. लिपीतील ऱ्हस्व-दीर्घ उच्चारात उरलेले नाहीत हे ठाऊक असूनही जशी लेखनपद्धति चालू राहते, तशीच ही तडजोड सर्वांच्या सोयीची म्हणून शंभर वर्षे टिकली आहे.

लांबी प्रमाणात कमी करता येते. पण सर्वच राशी त्या प्रमाणात कमी होत नाहीत. हा भाग पुष्कळ मंडळींच्या ध्यानात येत नाही. इंजिनाचे वजन सुमारे १२६ टन. घनफळ प्रमाणाच्या घनाने घटत असल्यामुळे ‘प्रमाणशीर’ प्रतिकृतीचे वजन जेमतेम २८५ ग्रॅम होईल. एवढ्या हलक्या इंजिनाची रुळावर पकड बसत नाही, म्हणून निर्माते आत धातूचे ठोकळे घालून ते मुद्दाम जड करतात. गतीचेही तसेच. ताशी ८० मैल ही गति प्रतिकृतीत सेकंदाला ४७ सेंटिमीटर होते आणि ती कोणालाही साधते. परंतु वर्ग ५६ चे वैशिष्ट्य होते ती भरतीची ताशी अर्ध्या मैलाची चाल सेकंदाला तीन मिलिमीटर होते, आणि इतक्या संथपणे न अडखळता चालणारी छोटी मोटार करणे हे दीर्घ काळ अवघड ठरले. काळ तर मुळीच लहान होत नाही. खऱ्या गाडीला भरण्यास जेवढा वेळ लागे तेवढाच प्रतिकृतीलाही लागेल. छत्तीस वाघिणींची गाडी ह्या मापातही दहा फुटांहून अधिक लांब होते, म्हणून घरच्या मांडणीत दहा-बारा वाघिणींवर भागवितात. हे लाघव प्रेक्षकाला खटकत नाही, कारण गाडी ‘लांब’ आहे एवढाच अर्थ पोचणे पुरेसे असते.

वर्ग ५६ ची ०० मापातील पहिली मोठ्या प्रमाणावरील प्रतिकृति १९८० च्या दशकात, खरी इंजिने अजून नवी असतानाच, ‘मेनलाइन’ ह्या छापाखाली आली. तो साचा पुढे ‘डॅपोल’कडे आणि नंतर ‘हॉर्न्बी’कडे गेला. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे तिची मोटार एका चाकसांगाड्यात होती, त्यामुळे ओढण्याची शक्ति बेताची. २००८ च्या सुमारास हॉर्न्बीने पूर्ण नवा साचा केला. मोटार शरीराच्या मध्यभागी ठेवून दोन्ही सांगाड्यांतील चाके फिरविली. डॅपोलने लहान ‘एन’ मापात, म्हणजे १ : १४८ ह्या प्रमाणात, हे इंजिन काढले. अलीकडे ‘कॅव्हालेक्स’ने ०० मापात आणखी एक प्रतिकृति केली आहे. संथ चालीचा प्रश्न आता संगणकीय नियंत्रणामुळे बव्हंशी सुटला आहे.

या पिढ्यांतील खरा फरक मोटारीचा नाही, वर्गविषयक कल्पनेचा आहे. जुन्या निर्मात्याने एक शरीर केले आणि त्यावर निरनिराळे क्रमांक छापले. त्याच्या दृष्टीने वर्ग हा एक नमुना होता. नवे निर्माते रुमानिया, डॉन्कास्टर व क्रू यांचे फरक, जाळीचा व बिनजाळीचा दर्शनी भाग, नंतरच्या दुरुस्त्या यांसाठी साच्याचे वेगवेगळे तुकडे करतात व क्रमांक निवडल्यावर कोणते तुकडे जोडावयाचे ते ठरवितात. जाणता ग्राहक आधी क्रमांक वाचतो व मग जाळी पाहतो. ५६०२० असा क्रमांक आणि तोंडावर जाळी, असे दिसले की त्याच्या दृष्टीने ती प्रतिकृति चुकलेली आहे, मग रंगकाम कितीही उत्तम असो. भाषेत ज्याला अन्वय म्हणतात त्याचाच हा भंग होय. प्रत्येक पद शुद्ध, वाक्य मात्र अशुद्ध.

अन्वयाचे हे बंधन रंगालाही लागू आहे. आरंभीची इंजिने रेल्वेच्या सर्वसाधारण निळ्या रंगात होती. १९७८ मध्ये ५६०३६ वर मोठे बोधचिन्ह रंगवून पाहिले गेले आणि पुढे अनेक इंजिने तशीच निघाली. १९८० च्या दशकात मालवाहतुकीचा राखी रंग आला. १९८७ पासून कोळसा विभागाच्या इंजिनांवर काळ्या चौकटींचे चिन्ह दिसू लागले. इंग्रजीत कोळशाला ‘काळे हिरे’ म्हणण्याचा प्रघात आहे, त्या शब्दाचे हे चित्र. १९९४ मध्ये मालवाहतूक तीन कंपन्यांत विभागली गेल्यावर तीन नवे रंग आणि १९९६ नंतर सर्वांवर तांबडा-सोनेरी. कोणते नाव, कोणता रंग आणि कोणता क्रमांक एकत्र कधी होते, हे न तपासता केलेली प्रतिकृति कधीच अस्तित्वात नसलेले इंजिन दाखविते.

या तपशिलाचे मोल १९९८ नंतर वाढले. त्या वर्षापासून नव्या खाजगी मालकाने कॅनडातील लंडन (ऑण्टॅरिओ) येथे बांधलेली वर्ग ६६ ची २५० इंजिने आणली आणि वर्ग ५६ झपाट्याने बाजूला पडला. ३१ मार्च २००४ रोजी ह्या मालकाकडील त्याचे काम ब्रिटनमध्ये थांबले. काही इंजिने फ्रान्समध्ये जलदगती मार्गाच्या बांधकामावर गेली, तीन हंगेरीत गेली, काहींना दुसऱ्या कंपन्यांनी पुन्हा कामास लावले, पुष्कळशी तोडली गेली. तोडलेल्या इंजिनाचा अमुक वर्षी दर्शनी भाग कसा होता हे पाहण्यासाठी आज छायाचित्रांइतकाच ह्या प्रतिकृतींचा आधार घेतला जातो. खेळणे म्हणून आरंभ झालेली वस्तु साधन बनली आहे. साधन म्हणून ती वापरताना मात्र हे विसरता कामा नये की, छायाचित्रात नसलेली बाजू निर्मात्याने अंदाजानेही भरलेली असू शकते.

ह्या सर्व चर्चेत सर्वांत कठीण उदाहरण डॉन्कास्टरचे पहिले इंजिन ५६०३१ हे आहे. २०१८ मध्ये ‘जीबी रेलफ्रेट’ कंपनीने वर्ग ५६ ची सोळा इंजिने घेतली व त्यांतील रस्टन-पॅक्समन यंत्रे काढून अमेरिकन बनावटीची बारा सिलिंडरांची यंत्रे बसविण्याचे ठरविले. शरीराचा सांगाडा आणि चाकसांगाडे तेच ठेवले. यांतील पहिले इंजिन ५६०३१. फेरबांधणीनंतर त्याला ६९००१ असा क्रमांक मिळाला आणि ‘वर्ग ६९’ हा नवा वर्ग अस्तित्वात आला. अंग डॉन्कास्टरचे, यंत्र अमेरिकेचे, वर्ग नवा. ज्या ५६०४२ चे चाकसांगाडे बदलले ते वर्गातच राहिले, आणि ज्याचे यंत्र बदलले ते वर्गाबाहेर गेले. म्हणजे रेल्वेच्या दप्तराने वर्गाचा निकष यंत्र हा मानला, शरीर नव्हे. प्रतिकृती करणाऱ्याच्या दृष्टीने तो नेमका उलटा ठरतो, कारण त्याच्या हाती फक्त शरीर असते. तरीही वर्ग ६९ ची ०० मापातील प्रतिकृति ‘बाकमन’ने काढली, आणि वर्ग ५६ ची प्रतिकृति त्या कंपनीने कधी केलेली नाही. खरे शरीर एकच असताना त्याचे दोन साचे दोन निराळ्या कारखान्यांत, निराळ्या मोजमापांवरून कोरले गेले आहेत. दोन्ही प्रतिकृती शेजारी ठेवल्या तर त्यांच्या दर्शनी भागांत जे फरक दिसतील, त्यांतील कोणते फेरबांधणीचे आणि कोणते केवळ साचा कोरणाऱ्याच्या हाताचे, हे ५६०३१ ची जुनी छायाचित्रे समोर घेतल्याशिवाय सांगता येणार नाही.